ट्रेलरला टोपी घातली

आमच्या वर्कशॉपच्या स्टोअरमध्ये कामाची वस्तू शोधायला गेलं तर सापडायची नाही, किस्सा मात्र हात घालाल तिथे मिळायचा. राहनाळच्या गोदामांमागे पत्र्याची शेड, शेडमध्ये एका ट्रान्सपोर्टचे म्हातारे ट्रेलर आणि मी तिथला स्टोअरकीपर. ही ऐंशी-नव्वदच्या काळातली गोष्ट. तेव्हाची मंडळी आजही भेटली की कोणीतरी नुसतं "टोपी" म्हणतं आणि चहा नाकातून यायची वेळ येते.

टोपी म्हणजे चाकाच्या मधोमध असलेल्या हबच्या तोंडावर ठोकून बसवतात ते पत्र्याचं झाकण. ते आतलं ग्रीस धरून ठेवतं, धूळ-पाणी आत जाऊ देत नाही. टोपी पडली की ग्रीस जातं, बेअरिंग जळतं आणि ट्रेलर भर रस्त्यात बसतो. आमचे ट्रेलर लागोपाठ असे बसायला लागले, तेव्हा शेठ आमच्या याकूब मिस्त्रींना म्हणाले, "आता एक जरी बसला, तर शेडला कुलूप. काम बाहेर देईन."

मिस्त्री साठीला टेकलेले. कापडाच्या लूमवर काम करायला आझमगडहून आले आणि लूम सोडून पान्या-हातोड्यात रमले. या वयात त्यांना दुसरीकडे कोण उभं करणार? मिस्त्रींच्या झोपेचं तर पार खोबरं झालं.

*

मिस्त्रींनी ठरवलं, जुन्या सैल टोप्या काढायच्या आणि सगळ्या चाकांना नव्या बसवायच्या. मंजुरी मुंबई ऑफिसची लागायची. तिथे शेठचे मेहुणे नुकतेच खुर्चीवर बसले होते. मी फोन लावून दिला, मिस्त्री बोलले.

"साहब, इजाजत हो तो इस हफ्ते सबको टोपी पहना दूँ?"

पलीकडून आवाज आला, "सबको मतलब? मुझे भी?"

मिस्त्री मनापासून म्हणाले, "नहीं साहब, आपको फिट नहीं आएगी."

मी रिसीव्हर ओढून घेतला आणि पुढचं सगळं बोलणं "झाकण" हा शब्द वापरून केलं. मंजुरी मिळाली. मेहुणे मात्र पुढे कित्येक महिने मिस्त्रींशी जपून बोलायचे.

*

आता टोपी निवडायची कशी? आमचे ट्रेलर इतके जुने की पार्ट नंबर सांगून काही मिळायचं नाही. पण समोरच्या अण्णाच्या हॉटेलातल्या कटिंगच्या ग्लासाचं बूड हबच्या तोंडात नेमकं बसतं, असा शोध आमचा ड्रायव्हर, कोन गावचा दामू, याने पूर्वीच लावला होता. शेडमध्ये माप घ्यायचा कॅलिपर होता, पण ग्लासावर सगळ्यांचा विश्वास. दामू ग्लास खिशात घालून कल्याणला गेला, दुकानात त्याने ग्लासाच्या बुडाशी ताडून टोप्या निवडल्या आणि पिशवी भरून आणल्या.

एकही बसेना. बोट लावलं की टपकन खाली.

"ग्लास कुनाचा नेलेलास?" असं मी त्याच्याच भाषेत विचारलं.

"अन्नाचाच. न्हाय पटत तर त्याला इचारा."

अण्णाला विचारलं. तो खुशीत म्हणाला, "जुने ग्लास काढून टाकले. नव्याचं बूड बारीक आहे. चहा कमी लागतो आणि गिऱ्हाईकाला कळत नाही."

मिस्त्रींनी हातातली टोपी खाली ठेवली आणि मला म्हणाले, "बाबूजी, इसने तो पूरे राहनाळ को पहना दी."

टोप्या बदलून आणल्या, या वेळी कॅलिपरच्या मापाने.

*

टोपी बसवायची मिस्त्रींची एक पद्धत होती. वर लाकडाचा ठोकळा धरायचा आणि गोल फिरत हलके ठोके द्यायचे. ग्रीस बेताचं. पण मिस्त्री नमाजला गेले असताना दामूला मदतीची हुक्की आली. जावयाला तूप वाढावं तसं त्याने प्रत्येक टोपीत काठोकाठ ग्रीस भरलं आणि ट्रेलर घेऊन निघाला. कोनच्या बाजाराशी हब तापले, ग्रीस फुगलं आणि एक टोपी उडून थेट कोळणीच्या पाटीत पडली.

तिने ती उचलून वास घेतला. "हा कंचा म्हावरा हाय रे?"

मासळी घेतल्याशिवाय ती टोपी देईना. दामू बोंबील आणि टोपी एकाच पिशवीतून घेऊन आला. मिस्त्रींनी आधी बेअरिंग पाहिलं. ते शाबूत होतं. आमचा जीव भांड्यात पडला आणि त्या दिवशी शेडमध्ये बोंबील भाजले गेले.

*

सगळं जमलं, पण टोपी एक कमी पडली. एक जुनी टोपी मागे अकलोलीच्या वळणावर पडली होती, ती अजून धड होती. दामू शोधायला गेला. तिथल्या पाड्यावरच्या एका आजीने ती उचलून, राखेने लख्ख घासून वाघोबाच्या दगडावर मुकुट म्हणून चढवली होती. आमच्या एकाही चाकावर न टिकलेली ती टोपी तिथे मात्र घट्ट बसली होती. दामू पाया पडून रिकाम्या हाताने परत आला.

"टोपी किधर है?" मिस्त्रींनी विचारलं.

"म्हातारीनं देवाला घातली. आता मी काय बोलनार?"

मिस्त्रींनी कानाला हात लावला आणि कल्याणहून आणखी एक मागवली.

*

एवढं होऊनही शेठचा विश्वास बसेना. ते स्वतः आले. म्हणाले, "ट्रेलरवर सुताच्या गाठी भरा, वज्रेश्वरीपर्यंत जाऊन या. मी गाडीतून मागे राहतो. एक टोपी पडली किंवा एक हब जळला, तर आजच कुलूप."

दामूने ट्रेलर काढला. मिस्त्री शेडमध्येच थांबले. डबा उघडला नाही, नुसते रस्त्याकडे बघत राहिले.

दुपार कलताना ट्रेलर वळणावर दिसला. तो उभा राहायच्या आत मिस्त्री धावले आणि एकेका हबवर तळहात ठेवत गेले. हब कोमट होते. टोप्या सगळ्या जागेवर. शेवटच्या चाकाशी पोचले आणि तिथेच मातीत बसले. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि खरं सांगायचं तर माझेही.

मागून शेठची गाडी आली. चाकं नीट दिसावीत म्हणून सगळी वाट ते खिडकीतून अर्धे बाहेर वाकून आले होते. धुळीने माखलेले शेठ खाली उतरले.

"एकही पडली नाही," ते म्हणाले. "मिस्त्री, शेड चालू राहील."

दामू त्यांच्याकडे बघतच राहिला होता. "शेठ," तो हळूच म्हणाला, "आनि तुमची?"

शेठचा हात डोक्याकडे गेला. घरी, दारी, लग्नात, मयतीत आम्ही कधीही उतरलेली न पाहिलेली त्यांची काळी टोपी वाटेत कुठेतरी उडून गेली होती. हसायची कोणाची हिंमत होईना.

शेठनी टकलावरून एकदा हात फिरवला. मग मातीत बसलेल्या मिस्त्रींपुढे आले आणि मान वाकवून म्हणाले, "घ्या माप."