दारात उभी जमुना

आमची शेवटची भेट झाली तेव्हा कुंदाताई रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या तिच्या घरी पाय उशीवर ठेवून पडली होती. सूज उतरत नव्हती. नव्या रायपुरातलं ऑफिस आटोपून मी तशीच गेले होते. "बरं वाटते का?" विचारलं, तर म्हणाली, "ते सोड. जमुना त्या घराच्या दारात उभी आहे अन् आतून कोणीतरी कडी काढून राहिलं आहे. कोण असंन?" ...त्याच आठवड्यात ताई गेली.

ताई माझी मोठी बहीण. रेल्वेची नोकरी सांभाळून ती इथल्या एका हिंदी साप्ताहिकात क्रमशः कथा लिहायची. भाग नेमका कुठे तोडायचा, याचाच विचार तिच्या डोक्यात पोळ्या लाटतानाही चाललेला असे. "दार वाजलं की थांबायचं," ती म्हणायची, "उघडलं की वाचणारा मोकळा झाला." पुढे साप्ताहिक बंद पडलं, ताईच्या किडन्याही थकल्या आणि डायलिसिस सुरू झालं.

दवाखान्यात शेजारच्या खाटेवर सरिता यायची. धमतरीकडची, दोन लहान लेकरांची आई. एकदा सुया काढून होताच ती नवऱ्याला म्हणाली, "अब नहीं आऊँगी. बहुत हो गया." ताईने मान वळवून विचारलं, "एक कहानी सुनोगी?" आणि सुरुवात केली. जमुना नावाची बाई, घर सोडून गेलेल्या धाकट्या भावाला शोधायला निघते... ताईने तिला गाडीत बसवलं, भलत्याच स्टेशनावर उतरवलं आणि गप्प झाली. "फिर?" सरिताने विचारलं. "अगली बार." पुढच्या वेळी आम्ही पोचलो तेव्हा सरिता आधीच येऊन बसली होती.

मग हे चालूच राहिलं. बीपी खाली गेलेलं असायचं, ओठ सुकलेले असायचे, तरी ताई जमुनाला थोडं पुढे न्यायची आणि नको तिथे सोडून द्यायची. एकदा मी चिडले. "शेवट सांगून टाक ना. काहून तिले टांगून ठेवते?" ताई हसली नाही. "शेवट सांगितला तर ती कशासाठी येईन? अन् मले तरी कुठं माहीत आहे?"

तेरवीनंतर मी दवाखान्यात सरिताला भेटायला गेले. ताई गेल्याचं तिला नर्सकडून कळलं होतं. माझा हात धरून ती बराच वेळ रडली. मग हळूच म्हणाली, "दीदी, दरवाज़ा किसने खोला?" मी खरं तेच सांगितलं. ताईलाही ठाऊक नव्हतं.

मशीन घरघरत होतं. "मुझे लगता है, एक छोटी बच्ची ने खोला," सरिता म्हणाली. "उसकी नाक एकदम जमुना की माँ जैसी." ती पुढे सांगू लागली, अडखळत, मध्येच मागे जाऊन काहीतरी दुरुस्त करत. ताईच्या खाटेवर आता एक अनोळखी आजोबा होते. तेही तिच्याकडे मान वळवून ऐकत होते.

घरी निघाले. तेलीबांध्याच्या तलावाशी गाडी बाजूला घेतली, पर्समधून फोन काढला. जमुनासाठी दार उघडलं, तिच्या भावाची पोरगी निघाली, हे कधी एकदा सांगते असं झालं होतं मला... ताईचं नाव दाबलं. तात्यापाऱ्यातल्या घरी आतल्या खोलीत, तिच्या बंद कपाटात कुठेतरी, फोन वाजत राहिला असेल.