मथुराबाईंची दोन गुंठे माती

हडपसरला आमच्या सोसायटीच्या भिंतीला लागून मथुराबाईंची दोन गुंठे जमीन उरली होती. बाकीची कधीच टॉवरांखाली गेली. त्यांचे यजमान आप्पासाहेब तिथं फ्लॉवर लावत. किडका गड्डा बाजारात कुणी घेत नाही, म्हणून तोंडाला रुमालही न बांधता विषारी औषधं फवारत. घरात खायची भाजी मात्र विहिरीकडच्या वेगळ्या वाफ्यातली, बिनफवारणीची. सगळेच तसं करतात, त्यात कुणाला काही वाटत नाही. आप्पासाहेब यकृताच्या दुखण्यानं गेले. डॉक्टरांनी फवारणीचं नाव घेतलं नाही. मथुराबाईंनी घेतलं आणि जमीन पडीक टाकली.

मग त्यांनी एकच ध्यास घेतला. या मातीतलं विष उतरवायचं आणि तिच्यातला अळू पितृपक्षात आप्पासाहेबांच्या पानात वाढायचा. आमच्या इमारतीतली रुपाली शेतकी कॉलेजात शिकवते. ती म्हणाली, चांगलं कुजलेलं खत घाला, त्यातले जिवाणू विष हळूहळू पचवतात. सगळंच पचेल असं नाही. झालं, बाई रोज आमचा ओला कचरा न्यायला येऊ लागल्या. आम्ही सुशिक्षित मंडळी त्यात प्लॅस्टिक टाकायचो, डायपरसुद्धा. बाई निमूटपणे निवडत बसायच्या. आमची मला अजून लाज वाटते.

तिसऱ्या उन्हाळ्यात रुपालीनं माती तपासून आणली. विष नावापुरतं उरलं होतं. बाईंनी त्याच संध्याकाळी अळूचे कंद लावले. त्यांना इतकं खुशीत मी कधी पाहिलं नव्हतं.

जमीन कागदोपत्री त्यांच्या मुलाच्या, रामदासच्या, नावावर होती. त्यानं तोवर बिल्डरशी करार करून टाकला होता. आईला सांगायचा त्याला धीर झाला नाही. पितृपक्षापर्यंत थांबा म्हणून त्यानं बिल्डरची मनधरणी केली म्हणे. बिल्डर कसला थांबतोय! ज्येष्ठात पोकलेन आला, तेव्हा अळूला नुकती पानं फुटली होती.

पाया भरून झाल्यावर बाजूला काढलेली तीच माती भोवतीनं परत लोटली. बाई भिंतीशी येऊन उभ्या राहिल्या, मीही होतो. पाठीला पंप लावलेला एक माणूस त्या मातीवर फवारा मारू लागला.

"आजी, लांब व्हा. वाळवीचं औषध हाय."

बाईंनी विचारलं, "किती दिवस ऱ्हातंय रं हे मातीत?"

"काळजी नको आजी," तो समजूत घालत म्हणाला, "दहा वर्षांची गॅरंटी हाय."