सरांचा अमेरिकेतला भाऊ

मार्क्सचं पुस्तक उघडण्याआधी क्रूस करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा, मग चष्मा पुसून, "हं, प्रकरण पहिलं." पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हा माणूस आमची थट्टा करतोय. मी तिथल्या तिथे विचारलं, "सर, ही काय प्रार्थनेची जागा आहे का?" तर बस्त्याव सर म्हणाले, "कठीण पुस्तक आहे हो बाई. मदत लागते." आणि हे म्हणताना हसलेसुद्धा नाहीत! हसले असते तर मी सोडून दिलं असतं.

मीरा रोडला आमच्या सोसायटीच्या ऑफिसात, पाण्याच्या पंपाला लागून असलेल्या खोलीत, दर शनिवारी संध्याकाळी आमचं अभ्यासमंडळ भरायचं. मी लालबागहून इथे राहायला आलेली, बँकेत असताना युनियनमध्ये घसा फोडलेली, आणि देवाला लग्नाच्या वेळी रजिस्ट्रारच्या ऑफिसबाहेरच सोडून आलेली. बाकीचे चारपाच जण माझ्यासारखेच निवृत्त. सर समुद्रकाठच्या उत्तन गावचे, कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे. उत्तनहून बसने भाईंदर स्टेशन, तिथून रिक्षा, असं करत यायचे. रविवारची चर्चमधली मिस्सा आणि आमचा शनिवार, दोन्ही त्यांनी अकरा वर्षांत चुकवली नाहीत. पिशवीत खाकी कव्हर घातलेलं एक पुस्तक असायचं आणि पिशवीला सुक्या बोंबलाचा वास.

त्या पुस्तकाने माझा छळ मांडला. ते सरांच्या पुतण्याने परदेशातून पाठवलं होतं. लेखक अमेरिकेतला काळा विचारवंत, चर्चमध्ये वाढलेला, अजूनही देव मानणारा, आणि तरी मार्क्सवर जीव असलेला. पहिला दिवस सोडला तर सर त्याचं नाव घेत नसत, "आपला भाऊ" म्हणायचे. म्हणून मीही इथे नाव लिहीत नाही. अकरा वर्षांत तो माझाही भाऊ होऊन बसला, तोही नकोसा.

या भाऊचं म्हणणं असं की, न्याय म्हणजे काय याचा कायमचा, अढळ पाया शोधायचा नाद मार्क्सने सोडून दिला होता. माणसं भांडत, धडपडत, आपापल्या काळात न्याय ठरवतात. विचार खरा की खोटा, हे तो जगण्यात काय करून दाखवतो यावर ठरतं. झालं! म्हणजे आम्ही आयुष्यभर इतिहासाचे नियम म्हणून जे शिकवलं, त्याची खात्री कुणाकडेच नाही म्हणे.

"मग मालक चुकतोय हे कशाच्या जोरावर सांगायचं?" मी ओरडायची.

"सांगायला आधी पाया खणावा लागतो का?"

"आणि तुमचा देव? तो पाया नाही?"

इथे नेहमी सरांची कॉलेजातली मराठी गळून पडायची आणि उत्तनची यायची. "भाऊ काय म्हणतो माहीत हाय? देव म्हणजे पाया न्हाय, बाय. देव म्हणजे सोबत हाय."

माझं डोकं फिरायचं. सोबत! ज्याला सोबत आहे तो निवांत बसतो, लढत नाही, हे मी त्यांना शंभर वेळा सांगितलं. ते पुस्तकावर हात ठेवून म्हणायचे, "भाऊ म्हणतो, खरं काय ते चार दिवस उन्हात टाकल्यावर कळतं." आणि घड्याळ बघून उठायचे, कारण शेवटची सोयीची बस. मुद्दा अर्धा टाकून जाणं ही त्यांची खोड होती. मी घरी येऊन भांडी आदळायची.

एकदा तर हद्द झाली. आमच्या सोसायटीत झाडलोट करणाऱ्या बायकांना जायला संडास नव्हता. मी मंडळात विषय घेतला, कंत्राटी कामगार आणि मालकवर्ग यावर तासभर बोलले. सगळ्यांनी माना हलवल्या. सर म्हणाले, "छान. आज संध्याकाळी काय करायचं?" आणि उठून सेक्रेटरीकडे गेले, त्याच्याशी हिंदीत गोड बोलून क्लबहाउसच्या संडासाची चावी घेऊन आले.

"हे दान झालं सर, हक्क नाही!" मी म्हटलं.

"चावी तर आली."

तीन महिन्यांनी कमिटी बदलली आणि चावी परत घेतली. मी दारातच गाठलं त्यांना. "बघा! सांगत होते ना?" मला वाटलं आता तरी खाली मान घालतील. तर म्हणतात, "होय, तुझं बरोबर निघालं. उन्हात टाकलं, कळलं. आता तुझं सह्यांचं पत्र काढ, मी पहिली सही करतो." आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं, सांगा. हरला की त्याचाच सिद्धान्त जिंकायचा! त्या बायकांना संडास शेवटी सह्या आणि घेराव करून मिळाला, आणि घेरावात सर सगळ्यात पुढे, खिशात जपमाळ.

शेवटी मी ठरवलं, याचा एकदाचा निकाल लावायचा, आणि तोही लेखी. एका वैचारिक मासिकाचे संपादक ओळखीचे होते. त्यांच्या विशेषांकासाठी मी लेख कबूल केला: या अमेरिकन भाऊचं खंडन. चौदा पानं लिहिली. अकरा वर्षांचा सगळा राग त्यात ओतला. "सोबत" या कल्पनेवर पाच पानं. "उन्हात टाकणं" यावर तीन. तो कसा अनुभवाला डोक्यावर घेतो, श्रमिकांच्या भाषेचा कसा आव आणतो, सगळं. लेख झणझणीत झाला होता, खोटं कशाला बोलू.

संपादकांचा फोन आला, "उत्तम. फक्त अवतरणांचे पान क्रमांक द्या."

इथे एक कबुली द्यायला हवी. ते पुस्तक मी वाचलेलं नव्हतं. सर ते कुणाला देत नसत, आणि मीही कधी मागितलं नाही. देव मानणाऱ्याचं काय वाचायचं, असा माझा तोरा. सरांना पान क्रमांक विचारले तर म्हणाले, "पान कशाला? विचार घे." तीनदा विचारलं, तीनदा तेच. मग मी मुलीकडून पुस्तक मागवलं आणि पेन्सिल घेऊन बसले. बारा दिवस लागले. मार्क्सने पाया शोधणं सोडलं, ते होतं, चांगलं सविस्तर होतं, आणि सरांनी सांगितलं त्याहून पुष्कळ अवघड होतं. पण सोबत नव्हती. ऊन तर कुठेच नव्हतं. मी सूचीसुद्धा दोनदा पाहिली.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अमेरिकेतला प्रोफेसर चार दिवस उन्हात काय वाळत घालणार होता, कपाळ? आणि मी त्या वाक्यावर तीन पानं लिहिली होती!

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तनची बस पकडली. सर किनाऱ्यावर होते. बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर बोंबील लटकत होते, तोंडात तोंड अडकवून जोडीजोडीने. सर स्टुलावर बसून कावळे हाकलत होते. मी पुस्तक त्यांच्या मांडीवर आपटलं.

"दाखवा. सोबत कुठल्या पानावर आहे?"

त्यांनी पुस्तक उघडलंसुद्धा नाही. "नाहीये त्यात."

"मग कोण म्हणतो?"

"आई." त्यांनी दोऱ्यांकडे हात केला. "रोजाबाय. इथेच सुकवायची. टोपली घेऊन भाईंदरला चालत जायची विकायला. ते सोबतीचं तिचं, उन्हाचंही तिचंच."

"अकरा वर्षं!" मी म्हटलं. "अकरा वर्षं तुम्ही मला फसवलंत! तुमच्या आईचं म्हणून सांगायला काय झालं होतं?"

सरांनी एक कावळा हाकलला. आवाज चढवला नाही. "आईचं म्हणून सांगितलं असतं, तर तू अकरा वर्षं भांडली असतीस?"

"असते!"

"न्हाय बाय. तू म्हणाली असतीस, किती छान बोलायच्या हो तुमच्या आई. आणि पुढचं पान उघडलं असतंस."

मी तशीच उठून बस पकडली. रस्ताभर त्यांना शिव्या घातल्या. पण घरी येईपर्यंत मला कळलं होतं की मी तिथे खोटं बोलले. मी अगदी तसंच म्हटलं असतं, अगदी त्याच शब्दांत. कामगारांसाठी आयुष्य घातलं असं सांगत फिरणारी मी, एका मासळीवालीच्या वाक्याला उत्तर द्यायला मला अमेरिकेतलं नाव लागलं होतं. त्या रात्री मला माझी फार लाज वाटली.

मग महिनाभर बसून लेख पुन्हा लिहिला. खंडन तेच, एक अक्षर नरम केलं नाही, फक्त ज्याचं त्याला दिलं. भाऊचं भाऊला, रोजाबायचं रोजाबायला. संपादकांचं उत्तर आलं: लेख झकास, पण या रोजाबाय कोण? त्यांचं लेखन कुठे प्रसिद्ध आहे? असं करू, मूळ विचारवंताचं नाव वर ठेवू आणि आईंचा हृद्य उल्लेख तळटीपेत घेऊ.

हृद्य! मी फोनवर त्यांना अर्धा तास झोडपलं आणि लेख परत मागवला. लगेच सरांना फोन लावून सगळं सांगितलं, सोबतीवरची पाच पानं वाचूनही दाखवली. ते इतके हसले की ठसका लागला. "शनिवारी येतो," म्हणाले, "तुझी पाच पानं चुकलीत, ती सांगतो." तो गुरुवार होता. शुक्रवारी पहाटे चर्चला निघताना ते दारातच कोसळले आणि गेले. पाच पानं कुठे चुकली ते सांगितलंच नाही. मला इतका राग आला त्यांचा, की दफनभूमीत मातीची मूठ टाकतानाही मी मनात भांडतच होते, आणि डोळ्यांतून पाणी थांबत नव्हतं.

ते गेल्याला महिना झाला, त्या दिवशीच्या मिस्सेला मी गेले. मागच्या बाकावर बसले, गुडघे टेकले नाहीत. नंतर किनाऱ्यावर गेले. चारपाच बायका दोऱ्यांवर बोंबील चढवत होत्या. सगळ्यात म्हातारीला विचारलं, रोजाबाय माहीत होत्या का? "तिच्याच हाताखाली शिकले मी," ती म्हणाली. मी म्हटलं, त्यांच्या विरुद्ध मी लेख लिहिलाय, वाचून दाखवू का? बायका एकमेकींकडे बघून हसल्या. "वाच की. कान मोकळेच हायत."

मी वाचायला लागले. जड शब्द सोडत गेले. सोबतीपर्यंत आले, आणि ज्याला सोबत आहे तो निवांत बसतो, लढत नाही, हे माझं आवडतं वाक्य जरा मोठ्याने वाचलं.

"थांब," म्हातारी म्हणाली. तिने हातातली जोडी दोरीवर टाकली. "सोबतीला कोन हाय म्हणून टोपली आपली आपन डोक्यावर चढते काय?"

"नाही चढत."

"मग निवांत कोन बसला?"

मी पुढचं पान उलटलं. पुढची साडेचार पानं त्याच एका वाक्यावर उभी होती. मी कागद घडी करून पिशवीत ठेवले, उपड्या टबावर बसले आणि विचारलं, "बरं, चढत नाही. मग सोबत असून फरक काय पडतो, ते सांगा."

त्यावर त्या सगळ्या एकदम बोलायला लागल्या.