बिजलीच्या डिकीतले तांदूळ

"काका, डिकी रिकामी आहे!"

सकाळी सव्वाआठला केतकीचा फोन आला तेव्हा मी चहात बिस्किट बुडवत होतो. दचकून हात हलला आणि बिस्किट तळाला गेलं.

"रिकामी म्हणजे? चोरी झाली?"

"नाही हो. आईने सगळे तांदूळ घरात नेले. बिजली जागची हलत नाहीये!"

ज्याला मागचं माहीत नाही त्याला यातलं काही कळणार नाही. मी अमेरिकेत, एडिसनमध्ये एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये इन्स्ट्रक्टर आहे. एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या चुकांशेजारी बसून पगार घेतोय. केतकी आमच्याच कॉम्प्लेक्समध्ये राहते. नागपूरची, डेटा अॅनालिस्ट, हुशार. पण जुलैत तिने दोन दारांची पिवळीधमक स्पोर्ट्स कार घेतली आणि तिचं नाव बिजली ठेवलं. गाडी घेताना हिवाळ्याचा विचार तिच्या मनात आला नाही, कारण तेव्हा जुलै होता. पहिला बर्फ पडल्यावर ती माझ्याकडे विंटर ड्रायव्हिंगच्या लेसनसाठी आली.

आता जरा गाडीचं सांगतो. बहुतेक साध्या गाड्यांत इंजिन पुढे असतं आणि फिरवतंही पुढच्याच चाकांना. इंजिनच्या वजनाने ती चाकं रस्त्यावर दाबून बसतात. बिजली रिअर-व्हील ड्राइव्ह. इंजिन पुढे, पण जोर मागच्या चाकांना. आणि मागे वजन म्हणाल तर केतकीची छत्री. बर्फावर मागची चाकं जागच्या जागी गरगर फिरतात आणि गाडीचं शेपूट मनाला येईल तिकडे जातं. त्यातून टायर उन्हाळ्याचे. थंडीत त्यांचं रबर पाटीसारखं कडक होतं.

"आधी विंटर टायर घे," मी म्हटलं. टायरची ऑर्डर दिली, पण ते शुक्रवारी येणार होते. तोपर्यंत उपाय म्हणजे डिकीत वाळूच्या पिशव्या ठेवायच्या. पण बर्फाची बातमी आली की इथली दुकानं वाळू, मीठ, फावडी सगळं रिकामं करून बसतात. मग मी डोकं चालवलं. ओक ट्री रोडवरच्या आपल्या किराणा दुकानांत वाळू नसेल, तांदूळ आहेत! वीस-वीस पौंडांच्या पाच पिशव्या आणि दोन पिशव्या आटा. बिजली मागून दबली आणि मस्त चालायला लागली. मी दोन दिवस स्वतःवर खूश होतो.

मग नागपूरहून तिची आई आली.

मी जॅकेट चढवून पार्किंगमध्ये पोहोचलो. बिजलीची मागची चाकं बर्फात दोन खड्डे पाडून बसली होती. आई शाल लपेटून उभी होती, चेहऱ्यावर अपराधाचा मागमूस नाही.

"कोणी गाडीत तांदूळ ठेवते का भाऊ? गारठून गेले असते. मी आट्यासकट सगळे डब्यांत भरले."

"पिशव्या कुठायत?"

"दोन वरच्या तेलुगू ताईंना दिल्या. त्यांनी काल सांबार पाठवलं होतं. अन् थोडे अनारशाले भिजवले."

केतकी सारखी घड्याळ बघत होती. तिचे डोळे भरले होते. तिला साडेदहाला प्रिन्स्टनला इंटरव्ह्यूला पोहोचायचं होतं, शेवटच्या राउंडला, समोरासमोर. तिचा प्रोजेक्ट बंद होऊन नोकरी गेली होती. वर्क व्हिसावर असलं की साठ दिवसांत दुसरी नोकरी मिळवायची, नाहीतर बॅगा भरायच्या. तो अठ्ठेचाळिसावा दिवस होता. कॅब दोनदा बुक केली, दोन्ही ड्रायव्हरनी आमचा चढ बघून कॅन्सल केलं. माझी गाडी बायको कामावर घेऊन गेली होती आणि स्कूलची गाडी बॉसच्या यार्डात होती. मेन रोड साफ होता. अडचण फक्त गेटपर्यंतच्या चढाची होती आणि तो चढ बिजलीला चढायचा नव्हता.

मला त्या पोरीचं फार वाईट वाटलं. आणि रागही आला, कारण तांदळाची आयडिया माझी होती आणि आईला ती सांगायची राहिली होती.

मी बिजलीच्या मागच्या सीटकडे पाहिलं. तिला सीट म्हणणं म्हणजे कंपनीचा मोठेपणा. तिथे फार तर दोन पर्स बसतात.

"वहिनी, तुमचं वजन किती?"

"हे काय विचारणं झालं जी?"

"कामाचं आहे."

"साठ," आई म्हणाली. केतकीने तिच्याकडे पाहिलं. "बरं, अडुसष्ट. पण स्वेटर धरून."

माझं चौऱ्याण्णव किलो, स्वेटर न धरता. बेरीज तांदळापेक्षा जास्त भरत होती.

इथे एक सांगायला हवं. आमच्या बॉसचा, फ्रँकचा, एकच नियम आहे. इन्स्ट्रक्टर कायम पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी बसणार, हात हँडब्रेकजवळ. "पुढची सीट सोडलीस तर नोकरी सोडलीस," असं तो दर महिन्याला ऐकवतो. एकोणीस वर्षांत मी ती सीट सोडली नव्हती. त्या दिवशी आईला आधी आत सरकवलं आणि मग मी शिरलो. माझे गुडघे कानाला लागले. सीटबेल्ट लावायला पाच मिनिटं गेली.

"चल," मी म्हटलं. "सेकंड गिअर. पाय अगदी हलका."

चाकं थोडी फिरली, मग त्यांनी बर्फ पकडला. बिजली चढायला लागली! केतकीच्या तोंडून शिट्टी निघाली. अर्धा चढ झाला आणि तिच्या पायाचा भार वाढला. शेपूट डावीकडे सरकलं. डावीकडे कुणाची तरी मोठी एसयूव्ही उभी होती.

आता अॅक्सिलरेटर सोडायचा आणि जिकडे जायचं तिकडे बघायचं, इतकंच करायचं असतं. अमेरिकेत अॅक्सिलरेटरला गॅस म्हणतात. मी ओरडलो, "गॅस सोड! गॅस!"

"अरे बाप्पा!" आईने माझा दंड धरला. "गॅस! केतकी, आपण गॅस बंद केला का? मी दूध ठेवलं होतं! गाडी वळव!"

"आई, तो गॅस नाही!"

"गॅस म्हणजे गॅसच! काका म्हणून राह्यले ना!"

केतकीला हसू फुटलं. हसता हसता तिच्या खांद्यांचा ताठा गेला आणि पाय आपोआप उचलला गेला. शेपूट पुन्हा सरळ झालं. एसयूव्हीचा आरसा माझ्या नाकासमोरून वीतभर अंतराने गेला. आम्ही गेटबाहेर पडलो. दूध उतू गेलं नव्हतं. वरच्या तेलुगू ताईंकडे घराची जादा चावी होती. आईने त्यांना फोन लावला, त्यांनी आत जाऊन पाहिलं, गॅस बंदच होता. हा फोन होईपर्यंत आईने मला उजव्या लेनमध्ये तीनदा थांबायला सांगितलं. गाडी मी चालवत नव्हतो हे तिच्या लक्षातच नव्हतं.

आम्ही प्रिन्स्टनला दहा वीसला पोहोचलो. केतकी आत गेली. मला गाडीतून बाहेर काढायला सिक्युरिटीवाल्याची मदत लागली.

पुढच्या आठवड्यात आई अनारशांचा डबा घेऊन आमच्या ऑफिसात हजर. फ्रँकने विचारलं, "सतीशने नीट शिकवलं ना?"

"येस, येस. ही सिट बॅक. विथ मी. व्हेरी हेवी. व्हेरी गुड."

फ्रँकची मान हळूहळू माझ्याकडे वळली. "बॅक?"

मी सगळं सांगितलं. तो ऐकता ऐकता अनारसे खात होता. चौथ्याला म्हणाला, "पुन्हा केलंस तर काढून टाकीन." आणि पाचवा उचलला.

केतकीला नोकरी मिळाली. छप्पन्नाव्या दिवशी तिचा मेसेज आला तेव्हा मी एका लेसनच्या मधे होतो. गाडी कडेला घ्यायला लावून मी चक्क डोळे पुसले. बिजलीला आता विंटर टायर आहेत. आईसुद्धा अजून इथेच आहे, त्यामुळे मागे वजनाची ददात नाही.

मी मात्र लेसनची सुरुवात बदलली. आधी मी सीटबेल्टचं विचारायचो. आता विद्यार्थी मराठी असेल आणि मागे त्याची आई बसली असेल, तर पहिला प्रश्न तिला असतो, "काकू, घरचा गॅस बंद केलाय ना?"

ती हो म्हणाली की मगच किल्ली फिरवू देतो.