बिनदारूचं केळवण

सुमित्रा खरे ही न्यू जर्सीतल्या आमच्या वेस्ट विंडसरमधली सगळ्यात गरीब स्वभावाची बाई, असं सगळे म्हणत. मी कधीच म्हटलं नाही. कारण तिला मी स्वयंपाकघरात पाहिलं होतं. आमच्याकडच्या बाकीच्या बायका श्रीखंडासाठी सावर क्रीम आणून मोकळ्या होतात. ही दही पंच्यात बांधून न्हाणीघराच्या नळाला टांगायची आणि शेवटचा थेंब गळेपर्यंत त्याला हात लावायची नाही. अशी बाई काही विसरत नसते.

शाळेच्या कॅफेटेरियात ती नोकरी करायची. नवरा गेल्यावर गाडी चालवायला शिकली, घराचे हप्ते फेडले, कुणाकडे कधी काही मागितलं नाही. मराठी मंडळाच्या कार्यक्रमांना यायची, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायची आणि जगन्नाथ टिपणीस दिसला की नजर न वळवता त्याच्याकडे बघत राहायची. बघणाऱ्याला वाटे, बाई किती शांत आहे.

सत्त्याऐंशी साली याच जगन्नाथच्या मुलीचं लग्न ठरलं. रुपाली इथेच जन्मलेली, हुशार आणि बापाच्या बेसमेंटमधल्या बारला विटलेली. त्या बारची जगन्नाथला भारी हौस. मुंजीचं जेवण असो की गणपती, पुरुष मंडळी आरती झाली की खाली उतरत. रुपालीने घरी सांगून टाकलं की केळवणाला एक थेंबही दारू नको, आणि केळवण सुमित्राकाकूंकडेच करायचं, कारण बाटली नसलेलं घर तेवढंच. बापाने ते हसण्यावारी नेलं. आई, शोभा, मात्र हादरली. तिची अडचण दारूची नव्हती. विधवेने नवरीला ओवाळायचं कसं, ही होती. न्यू जर्सीत वीस वर्षं काढली, मायक्रोवेव्ह घेतला, पण ही अडगळ बाईने बरोबर सांभाळून आणली होती.

"देन आय डोंट वाँट अ केळवण," रुपाली म्हणाली, आणि विषय मिटला.

सुमित्राने होकार दिला तेव्हा मला तिचं फार कौतुक वाटलं. तिच्या मनाचा मोठेपणा वगैरे मी तिला बोलून दाखवला. ती गाजर किसत होती. किसणी खाली ठेवून तिने मला सगळं सांगितलं. मी इथे राहायला येण्याआधीची ती गोष्ट.

तिच्या नवऱ्याने, पुरुषोत्तमने, दारू सोडली होती. दर आठवड्याला चर्चच्या तळघरात दारू सोडणाऱ्यांच्या सभेला जाऊन, अनोळखी अमेरिकन लोकांसमोर उभं राहून, कष्टाने सोडली होती. जगन्नाथच्या दिवाळीच्या पार्टीत त्याने लिंबाचं सरबत मागितलं. जगन्नाथने त्यात व्होडका मिसळली आणि बाकीच्यांना डोळा मारला. पहिल्या घोटाला पुरुषोत्तमचा चेहरा बदलला. सगळे हसले. त्याने ग्लास खाली ठेवला नाही. त्या रात्रीपासून पुन्हा सुरू झालं ते यकृत संपेपर्यंत थांबलं नाही. तो गेल्यावर भेटायला आलेला जगन्नाथ हॉलमध्ये उभा राहून म्हणाला होता की पुरुषोत्तमला झेपत नव्हतं, हाच काय तो प्रॉब्लेम.

"मला त्याचं तोंड पाडायचंय," सुमित्रा म्हणाली. "त्याच्या मुलीसमोर."

मी म्हटलं, मुलीच्या केळवणात? बिचारीने काय केलंय? ती म्हणाली, तिने काहीच केलेलं नाही, म्हणून तर तिचं ऐकतील. आणि परत गाजर किसायला लागली. खरं सांगते, मला भीती वाटली, आणि गंमत बघायची घाईही झाली.

केळवण दुपारचं होतं. ताटाभोवती रांगोळी, श्रीखंड, अळूच्या ऐवजी पालकाचं फतफतं, आणि प्रत्येकापुढे केशर घातलेलं लिंबाचं सरबत. जगन्नाथ आल्या आल्या म्हणाला की आज आपण सगळे शाळेच्या पिकनिकला आलोय वाटतं. दोघेतिघे हसले. गाडीच्या डिकीत त्याने स्वतःची सोय ठेवली असणार, पण रुपालीची नजर त्याच्यावर होती.

सुमित्राने रुपालीला ओवाळलं. शोभा खिडकीबाहेर बघत राहिली. मग उखाण्यांचा आग्रह सुरू झाला. एकेका बाईने नवऱ्याचं नाव घेतलं, तीच ती चांदीची वाटी आणि तेच ते मोगऱ्याचे गजरे. सुमित्राला कुणी आग्रह केला नाही. विधवेला करत नाहीत. तीच वाढता वाढता थांबली आणि म्हणाली, "मी घेते."

उखाणा मध्येच कुणी तोडत नाही. नाव येईपर्यंत सगळे ऐकतात. हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"लिंबाचं सरबत मागितलं, व्होडका घातली चोरून,
दिवाळीच्या पार्टीत हसले सगळे पोट धरून;
जगन्नाथरावांचा खेळ झाला, माझं घर झालं रितं,
पुरुषोत्तमरावांचं नाव घेते सगळ्यांदेखत इथं."

कुणी वा म्हटलं नाही. त्या दिवाळीला हसलेले ताटातल्या मिठाकडे बघायला लागले. रुपालीचं मराठी मोडकंतोडकं, पण एवढं तिला कळलं.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं? की त्यांनी क्विट केलं होतं?"

"अगं, माहीत होतं म्हणूनच तर गंमत केली ना," जगन्नाथ म्हणाला. बोलून गेल्यावर त्याला ते ऐकू आलं असावं.

रुपालीने रिसेप्शनचा बार कॅन्सल करायला सांगितलं. आवाज न चढवता, भाजी मागावी तसं. जगन्नाथ उठायला लागला. तेव्हा सुमित्रा त्याच्यापाशी गेली आणि म्हणाली की लेकीच्या केळवणाच्या ताटावरून उठू नये, अपशकुन होतो. शोभानेच त्याला हात धरून खाली बसवलं. मला इतका आनंद झाला की मी श्रीखंड दुसऱ्यांदा मागून घेतलं.

सुमित्राने त्याला आग्रह करकरून वाढलं. त्याने मान खाली घालून सगळं खाल्लं. मग तिने त्याचा ग्लास उचलून त्याच्या हातात दिला. सगळे बघत होते. त्याने ग्लास तोंडाशी नेला, थांबला, आणि आधी वास घेतला.

"वास कसला घेता जगन्नाथराव," सुमित्रा म्हणाली. "ह्यांनी नव्हता घेतला."