लोखंडालाही पूर्ण गुण

परळच्या आमच्या शाळेत मी मराठी शिकवायला रुजू झाले, तेव्हा डिमेलो बाईंनी नमस्काराऐवजी प्रश्न टाकला. "हेलियम, निऑन, आर्गॉन, क्लोरीन. गटात न बसणारा कोण?" विज्ञानाशी माझे संबंध दहावीतच तुटले होते. मी चाचरत म्हटलं, क्लोरीन, कारण त्याला वास येतो. बाई म्हणाल्या, "पास. कारण खरं आहे ना? मग झालं गो."

गिरगावातल्या वाडीतून येणाऱ्या या बाई मुलांचाही असाच छळ करत. त्यांच्याकडे उत्तराला अर्धा गुण आणि कारणाला दीड. नेमकं बरोबर उत्तर कोणतं, असं पालकांनी विचारलं की त्या सांगत, "देवाला विचारून कळवते." देव बहुधा रजेवर असे.

त्या वर्षी पाचवीला मुलं मिळाली नाहीत तर तुकडी बंद होणार होती आणि माझ्यासकट काही शिक्षक सरकारी भाषेत 'अतिरिक्त' ठरणार होते. मुख्याध्यापक सावंत सरांनी त्यावर जालीम उपाय शोधला. आपल्याच शाळेत आंतरशालेय विज्ञान प्रश्नमंजुषा घ्यायची, आपणच जिंकायची आणि फाटकावर फ्लेक्स लावायचा. प्रश्न काढणार आणि निकाल देणार डिमेलो बाई. पंच घरचाच म्हटल्यावर सरांनी 'विजेते' छापलेला फ्लेक्स आधीच आणून ठेवला. पंच कोण आहे, याचा विचार तेवढा राहून गेला.

शेवटचा प्रश्न दादरच्या शाळेला होता, दोन गुणांचा. आम्ही एका गुणाने पुढे होतो. लोखंड, तांबं, सोनं, पारा, वेगळा कोण? बाईंच्या कार्डावर उत्तर होतं पारा, कारण तो द्रव. दादरची मुलगी म्हणाली, लोखंड. आमची मुलं नाचायला लागली, सर फ्लेक्सची सुतळी सोडू लागले. बाईंनी तिला विचारलं, का? ती म्हणाली, "चुंबक यातल्या फक्त लोखंडालाच ओढतं."

बाईंनी कार्ड पालथं ठेवलं आणि पूर्ण गुण दिले. आम्ही हरलो.

मला बाई फार आवडायच्या, पण त्या दिवशी त्यांचं तोंड बघवेना. स्टाफरूममध्ये एकमत झालं की बाई निवृत्तच होतायत, त्यांचं काय जातंय. कार्डावरचं वाचलं असतं तरी पुरलं असतं, असं सर म्हणाले. बाई म्हणाल्या, "कार्ड मीच लिहिलं, सर. अक्कल माझी कमी पडली, पोरीची नाही." फ्लेक्स अडगळीच्या खोलीत गळती झाकायला गेला. निवृत्तीच्या निरोपात बाईंना शाल-श्रीफळ मिळालं आणि सरांनी दातओठ खात त्यांच्या तत्त्वनिष्ठेचं कौतुक केलं.

जूनमध्ये एक आई धाकट्या मुलीला घेऊन आली. थोरलीच्या लोखंडाला गुण देणाऱ्या बाई पाचवीला शिकवतात का, एवढंच तिला हवं होतं. सर डोळ्याची पापणी न लवता म्हणाले, "हो तर." तिने प्रवेश घेतला आणि चाळीतल्या शेजारणींनाही पाठवलं.

संध्याकाळी सरांनी माझ्यासमोरच बाईंना फोन लावला आणि चाचरत सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, "खोटं बोललात ते बोललात. आता पोरींना फसवायचं नाही. सोमवारी येते."

त्या बिनपगारी आल्या आणि शेवटच्या दुखण्यापर्यंत येत राहिल्या. पाचवीची तुकडी टिकली, माझी नोकरीही. त्यांच्या दफनविधीला सावंत सर लहान मुलासारखे रडले. परत निघताना मी त्यांना म्हटलं, "सर, त्या दिवशी जिंकलो असतो तर बुडालो असतो."