मागच्या दारातली चार लिंबं

ती घटना आठवली की आजही माझ्या नाकाला लिंबाचा वास येतो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगली आवरल्या. पण निवृत्तीनंतर कोणी विचारलं, "साहेब, हट्टाला पेटून केलेला तपास कोणता?" तर मी एका पिवळ्या गाडीची गोष्ट सांगतो. आणि तो हट्टही गाडीसाठी नव्हता, गाड्या विकणाऱ्या एका माणसासाठी होता.

दोन हजार साल नुकतंच मागे पडलं होतं. कोल्हापुरात पैसा पूर्वीही होता, पण आता तो रस्त्यावर दिसायला लागला होता. मी शहरातल्या एका ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. एका मंगळवारी सकाळची हजेरी आटोपून स्टेशन डायरी चाळत बसलो होतो, तेवढ्यात एका मोठ्या शोरूमचे तरुण मालक आत आले. परदेशातून मागवलेली दोन दारांची पिवळी स्पोर्ट्स कार त्यांच्या शोरूममधून चोरीला गेली होती. सोमवारी शोरूमला सुट्टी. रविवारी संध्याकाळी गाडी जागेवर होती, मंगळवारी सकाळी नव्हती. मागच्या दाराचं कुलूप शाबूत होतं, म्हणजे किल्लीनं उघडलेलं. किल्ल्या दोघांकडेच असत. एक मालक आणि दुसरा त्यांचा जुना सेल्समन.

"माझा डाउट त्याच्यावरच आहे," मालक म्हणाले. "शनिवारी सगळ्या स्टाफसमोर ओरडला, ही गाडी दुसऱ्याला जाऊ देणार नाही म्हणून."

फिर्याद नोंदवली आणि दोन पंच घेऊन घटनास्थळी गेलो. मागचं दार वर्कशॉपच्या बोळात उघडत होतं. दारापुढच्या उतारावर टायरच्या खुणा होत्या आणि चार चिरडलेली लिंबं. मी वाकून बघायला लागलो तसा हवालदार हसला.

"साहेब, गाड्यांचं दुकान हाय की. हितं लिंबं न्हाई तर काय कलिंगडं असणार?"

मीही हसलो. पण दिसेल ते पंचनाम्यात घालायची मला खोड होती. "चार चिरडलेली लिंबे, रस ओलसर" असं लिहून घेतलं. आपण काय लिहिलं आहे हे तेव्हा मला कळलं नव्हतं, हे प्रामाणिकपणे कबूल करतो.

दुपारी सेल्समनला ठाण्यात आणलं. शिवाजी पेठेतला, पन्नाशीला टेकलेला, इस्त्रीच्या शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेला माणूस. या मालकांचे वडील स्कूटर विकत होते तेव्हापासून, बावीस वर्षं, तो तिथं होता. समोरचा संशयित असो नाहीतर फिर्यादी, वयानं मोठ्या माणसाला मी अरे-तुरे करत नसे. त्याला बसायला खुर्ची दिली आणि शनिवारचं भांडण विचारलं. त्यानं काही लपवलं नाही.

भांडण अण्णांवरून झालं होतं. अण्णा म्हणजे शिरोळ तालुक्यातले गुळाचे व्यापारी. वीरशैव घराणं, कपाळावर विभूती, नेसायला धोतर आणि अंगात पांढरा सदरा. पहिल्या स्कूटरपासून घरातली सात वाहनं त्यांनी याच दुकानातून घेतली होती. थोरले मालक त्यांना उतरवून घ्यायला पायरीपर्यंत येत. ही पिवळी गाडी येणार असं कळलं तेव्हा अण्णांनी बुकिंग केलं आणि धाकट्या मालकांनी शोरूमच्या कागदावर लिहून दिलं, की जिल्ह्यातली पहिली गाडी तुमचीच. अण्णा आठ महिने थांबले. मधल्या काळात पुण्याचा एक बिल्डर आला. त्याला गाडी दिली तर पेपरात फोटो येणार होता, मोठी गिऱ्हाइकं मागोमाग येणार होती. मालकांचं मन फिरलं.

"शनिवारी अण्णा गाडी बघायला आले," सेल्समन सांगत होता. "सदऱ्यावर गुळाचा डाग होता. सीट खराब होईल म्हणून मालकांनी त्यास्नी काचंच्या भाईर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं. वर म्हटले, तुमच्या रस्त्यावर ही गाडी चालायची न्हाई, दुसरी एखादी मोठी बघा. अण्णा चहा न घेता उठले, साहेब. बावीस वर्षांत असं कधी झालं न्हवतं. मग माझा तोल गेला. बोललो ते बोललो. पर गाडीला मी हात लावला न्हाई."

"सोमवारी कुठं होता?"

दहा वेळा विचारलं, दहाही वेळा खाली मान. अंगझडतीत शर्टाच्या खिशात सोमवारची एसटीची दोन तिकिटं निघाली, कोल्हापूर ते शिरोळ आणि परत. तासाभरात ठाण्यावर निनावी फोन आला, "पिवळी गाडी शिरोळात गुळाच्या गोदामात हाय." पाठोपाठ वरिष्ठांचा फोन, "अजून अटक का नाही? संध्याकाळपर्यंत करून टाका." सगळं कसं जिथल्या तिथं बसत होतं. मीही अटकेचे कागद मागवले होते.

ते कागद बघून तो पहिल्यांदा मान वर करून बोलला. "साहेब, माझं काम म्हंजे लोकांच्या हातात किल्ली द्यायची. एवढंच येतंय मला. चोर म्हणून एकदा आत गेलो की उद्या सुटलो तरी माझ्या हातनं किल्ली कोण घेणार?"

मी अनेक आरोपींची रडगाणी ऐकली आहेत. कोण बायकोची आण घेतो, कोण अंबाबाईची. हा माणूस फक्त आपल्या हाताबद्दल बोलत होता. वरिष्ठांना कळवलं, आधी माल शोधतो, अटकेचं सकाळी बघतो. ते चिडले. चिडू देत म्हटलं आणि जीप काढायला लावली.

शिरोळला पोचलो तेव्हा अण्णा गोदामाच्या दारातच होते. "या पावणं," म्हणाले, आणि गणवेश नीट बघून, "चोर हुडकाय आलाय व्हय साहेब? बघा की. एकेक रवा हलवून बघा." गुळाच्या रव्यांच्या, म्हणजे ढेपांच्या, थप्प्यांखेरीज तिथं काही नव्हतं. तिन्ही गोदामं बघितली, मागचा गोठा बघितला. सोमवारचं विचारलं तर अण्णांनी सरळ सांगितलं, सेल्समन सकाळी दहाला आला आणि संध्याकाळी पाचच्या गाडीनं गेला.

"माफी मागाय आलता. माझ्या पायाला हात लावाय लागला. मी म्हटलं, अपमान करणार मालक आणि पाया पडणार तू, ही कुठली रीत? जेवायला घातलं आणि लावून दिला. मला चोरीत गोवतील म्हणून तुमच्यापुढं गप बसला असंल बघा." मग त्यांचा आवाज चढला. "साहेब, गाडी गेली ती जाऊ दे. त्या माणसाला आत टाकू नका. आम्ही सात गाड्या घेतल्या त्या दुकानातनं न्हाई, त्याच्या हातनं घेतल्या."

शेजाऱ्यांचे तीन जबाब घेतले. तिघांनीही त्याला दिवसभर तिथं पाहिलं होतं. पण किल्ली दुसऱ्याच्या हाती देऊन आपल्याला लांब बसता येतं. तेवढ्या जबाबांनी तो सुटत नव्हता, आणि माझ्याकडे सकाळपर्यंतचाच वेळ होता.

बुधवारी सकाळी साध्या कपड्यांत शोरूमसमोर जाऊन उभा राहिलो. चोरी झालेली जागा पुन्हा एकदा बघावी, ही माझी जुनी सवय. काचेतून आत डोकावलो तर वॉचमन खेकसला, "काचेला हात लावू नका. गाडी घ्यायची हाय काय?" ओळखपत्र दाखवलं तशी गुबगुबीत खुर्ची आली, कोल्ड कॉफी आली. अण्णांची प्लॅस्टिकची खुर्ची काय होती ते मला तेव्हा समजलं. कॉफी तशीच ठेवून मी बाहेर आलो.

पुढच्या दारात एक कुटुंब लहानशी नवी गाडी घेत होतं. पूजा झाली, नारळ फुटला. शोरूममधल्या मुलीनं गृहस्थाच्या हातात दोन लिंबं दिली. त्यांनी ती पुढच्या दोन चाकांखाली ठेवली, गाडी हलली, लिंबं फुटली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी जागच्या जागी उभा राहिलो. पुढच्या दारात दोन लिंबं. मग मागच्या दारात, जिथून नवी गाडी कधी कोणाला दिलीच जात नाही, तिथं चार कुठून आली? आणि चोर चोरीची गाडी काढताना खाली उतरून लिंबं कशाला ठेवील?

ठाण्यात आलो, पंचनामा काढून वाचला आणि सकाळी पुन्हा बोलावलेल्या सेल्समनला विचारलं, "तुमच्याकडे गाडीला लिंबं किती ठेवतात?"

"दोन. पुढच्या चाकास्नी."

"चार कोण ठेवतं?"

त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं की त्यालाही कळलं. "साहेब, त्याला लेकरंबाळं हाईत."

"तुम्हालाही आहेत," मी म्हणालो. "आणि मी तुमच्या जागी दुसऱ्या निरपराध माणसाला घालणार नाही. नाव सांगा."

नाव निघालं ते मालकांच्या ड्रायव्हरचं. पूर्वी तो लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा. "तो रजेवर गावी गेलाय," असं मालकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. माझ्या माणसांना तो शहरात स्वतःच्या घरी सापडला. समोर आला तेव्हा घामानं डबडबला होता, गाडीबद्दल काय सांगायचं ते घोकून आला होता. म्हणून मी गाडीचं काही विचारलंच नाही.

"ड्रायव्हरसाहेब, एक सांगा. नव्या गाडीला दोन लिंबं पुरत नाहीत का?"

"दोन?" तो एकदम फणकारला. "मागली चाकं काय सावत्र हाईत व्हय साहेब? दोन लिंबांवर मी नवी गाडी कधीच काढत..." आणि थांबला.

"मग सोमवारी मागच्या दारात किती ठेवलीत?"

मग तो सगळं घडाघडा बोलला. सोमवारी दुपारी मालकांनीच त्याला किल्ल्या दिल्या होत्या. शहराबाहेर कळंब्याच्या अंगाला त्यांच्या नातेवाइकांची शेड होती, तिथं गाडी ताडपत्रीखाली लावायला सांगितली होती. "चोरीची म्हाईत असती तर लिंबं कशाला ठेवली असती साहेब?" तो रडत म्हणाला. मंगळवारी मालकांनी त्याला एसटीडी बूथवरून ठाण्याला तो निनावी फोन करायला लावला, तेव्हा त्याला खरा प्रकार कळला. पण नोकरीच्या भीतीनं तो गप्प राहिला.

पंचांसमक्ष त्याचं निवेदन घेतलं आणि तो नेईल तिकडे गेलो. शेडमध्ये गाडी होती. पुढचा बंपर स्पीडब्रेकरला खरवडलेला आणि चारही टायरच्या खाचांत लिंबाची वाळकी साल. ती साल मी स्वतः चिमट्यानं काढून पाकिटात सील केली.

मालकांचा हिशेब साधा होता. अण्णांकडे त्यांचा लेखी शब्द होता आणि बिल्डरला तोंडी दिलेला होता. गाडीच चोरीला गेली की दोघांचीही तोंडं बंद, विमा मिळणार, आणि अण्णांच्या बाजूनं बोलणारा एकुलता एक माणूस चोर ठरून बाहेर. अटकेच्या वेळी ते मला म्हणाले, "साहेब, एका गुळवाल्यासाठी एवढं करायची गरज होती का?" संताप आला की मी बोलत नाही, लिहितो. त्यांच्याविरुद्धचं दोषारोपपत्र मी रात्रंदिवस एक करून, एकही फट न ठेवता लिहिलं.

या तपासानं मला काय शिकवलं? दिसेल ते लिहून ठेवावं, अर्थ मागाहून लागतो, हे एक. दुसरं असं, की एखादं दुकान कसं आहे हे बघायचं असेल तर आतल्या गाड्या बघू नयेत, डाग पडलेल्या सदऱ्याला कुठली खुर्ची मिळते ते बघावं. माझ्या ठाण्यातला बाहेरचा मोडका बाक मी त्याच आठवड्यात बदलून घेतला. इतकी वर्षं फिर्याद द्यायला आलेली माणसं त्यावर बसत होती आणि मला तो कधी दिसला नव्हता.

सेल्समन सुटला, पण पेपरात "संशयित" म्हणून छापून आलं होतं ते पुसलं जाईना. सहा महिने त्याला कोणी दारात उभं केलं नाही. मग एक दिवस अण्णा त्याला बरोबर घेऊन दुसऱ्या एका शोरूममध्ये गेले आणि म्हणाले, "मला पिवळी गाडी पायजे. पर ह्यास्नी कामाला ठेवत असला तरच." गाडी यायला वर्ष लागलं. त्या दिवशी मलाही आमंत्रण होतं.

अण्णा पांढऱ्या सदऱ्यात आले होते, कपाळावर ताजी विभूती. सूट घातलेल्या मॅनेजरनं फोटोसाठी किल्ली पुढे केली. अण्णांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"तुमच्या हातनं नगं. ह्यांच्या हातनं."

सेल्समन पुढे आला. अण्णांनी त्याच्याकडून किल्ली दोन्ही हातांनी घेतली आणि कपाळाला लावली. मग तो माणूस वाकला आणि चाकांखाली लिंबं ठेवू लागला, एक, दोन, तीन, चार.

"चार?" मी विचारलं.

"मागली चाकं सावत्र न्हाईत साहेब," तो म्हणाला, आणि भरल्या डोळ्यांनी हसला. माझेही डोळे भरून आले, हे लिहायला मला लाज वाटत नाही. गाडी पहिल्याच स्पीडब्रेकरला अडकली तेव्हा ढकलायला मीही गेलो.